चाळिशी, चष्मा आणि लांबचा नंबर
(भोकर परिसराच्या संदर्भात ऱ्हस्वदृष्टीच्या आकलनाचा इतिहास)

१. विषयाची मर्यादा

नांदेडच्या पूर्वेस, मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर वसलेले भोकर हे तालुक्याचे गाव भाषेच्या अभ्यासकाला परिचित असावे असे आहे. मराठी हा येथील मुख्य व्यवहार. परंतु तालुक्याची सीमा तेलंगणाला लागून असल्यामुळे बाजारात तेलुगू ऐकू येते, निजामी राजवटीचा वारसा म्हणून दखनी उर्दू आहे, आणि तांड्यांवरून गोरमाटीही बोलली जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुका आदिलाबादकडे गेला व आदिलाबादचा किनवट नांदेडकडे आला. राज्यांची सीमा हलली, तरी बोलणारी माणसे होती तेथेच राहिली. एखाद्या शारीरिक दोषाला निरनिराळ्या भाषांनी काय नाव दिले, किंवा दिलेच नाही, हे पाहावयाचे असेल तर असा संगमप्रदेश उपयोगी पडतो.

प्रस्तुत निबंधाचा विषय ऱ्हस्वदृष्टी हा दोष होय. जवळचे स्पष्ट दिसते आणि दूरचे अस्पष्ट दिसते, एवढेच त्याचे लक्षण. हा दोष नेत्रवैद्यकाचा विषय आहे हे खरे. परंतु तो समाजाला केव्हा दिसू लागला, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी शब्दांत सापडते. चष्मा येऊन शतके लोटली तरी ज्या मुलाला फळा दिसत नव्हता त्याच्या दोषाला मराठवाड्याच्या बोलीत नाव नव्हते. आणि नाव नसल्यामुळे तो दोष डोळ्याच्या खाती न पडता मुलाच्या बुद्धीच्या खाती पडत राहिला, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. दोषाचे स्वरूप

डोळ्याचा दर्शनी पारदर्शक पडदा व आतील भिंग मिळून प्रकाशकिरण वळवितात आणि मागील दृष्टिपटलावर वस्तूची प्रतिमा उमटवितात. प्रौढ मनुष्याचे नेत्रगोल पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असते. ही लांबी वाढली की दूरच्या वस्तूचे किरण पटलापर्यंत पोहोचण्यापूर्वीच एकत्र येतात, आणि पटलावर नुसता धूसर ठिपका पडतो. अवघ्या एका मिलिमीटरच्या वाढीने सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा दोष उत्पन्न होतो. उणे दोन डायॉप्टरचा दोष असलेल्या डोळ्याला अर्ध्या मीटरच्या पलीकडचे काही रेखीव दिसत नाही. उणे सहाला ही मर्यादा वीतभरापेक्षाही कमी होते. अंतर्वक्र भिंग किरणांना थोडे फाकविते, त्यामुळे त्यांचा संगम मागे सरकून पटलावर येतो.

चाळिशीनंतरचा दोष याहून सर्वस्वी वेगळा आहे. तेथे नेत्रगोलाची लांबी बदलत नाही. भिंगाची लवचिकता कमी होते, आणि जवळचे वाचण्यासाठी जो जोर लागतो तो त्याच्याकडून लावला जात नाही. त्याला बहिर्वक्र भिंग लागते. एक दोष बहुधा शाळकरी वयात सुरू होतो आणि दूरचे हिरावून घेतो. दुसरा प्रौढ वयात येतो आणि जवळचे हिरावून घेतो. पुढील विवेचनात हा भेद सतत लक्षात ठेवणे अवश्य आहे, कारण भाषेने या दोहोंना सारखी वागणूक दिलेली नाही.

ऱ्हस्वदृष्टीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. चाळिशीच्या माणसाला आपले काय गेले हे ठाऊक असते. काल वाचता येत होते, आज येत नाही. ज्या मुलाची दूरची नजर लहानपणीच हळूहळू मंदावते त्याच्याजवळ तुलनेसाठी दुसरा डोळा नसतो. झाडाला निरनिराळी पाने दिसतात, हे त्याला चष्मा लागेपर्यंत माहीतही नसते. म्हणून तो तक्रार करीत नाही. ज्या दोषाची तक्रार रोगी स्वतः करीत नाही तो इतरांनीच ओळखावा लागतो, आणि इतरांनी ओळखण्यासाठी त्यांच्या भाषेत त्याची काही खूण असावी लागते.

३. मुद्रेवरून पडलेली नावे

ग्रीक भाषेत या दोषाला पडलेले नाव ‘मिटणे’ आणि ‘डोळा’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून झाले आहे. ऱ्हस्वदृष्टीचा मनुष्य दूर पाहताना पापण्या आवळून घेतो. त्या अरुंद फटीतून जाणारे किरण कमी फाकतात व प्रतिमा किंचित रेखीव होते. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘समस्या’संग्रहात अशी माणसे डोळे का आवळतात आणि अक्षर बारीक का काढतात, याची चर्चा आहे. म्हणजे ग्रीकांना दोषाचे कारण ठाऊक नसले तरी त्यांनी चेहऱ्यावरील खूण टिपली, आणि त्या खुणेचेच पुढे वैद्यकाने नाव केले.

मराठीने ही खूण टिपली नाही असे नाही. डोळे किलकिले करणे, डोळे बारीक करून पाहणे, मिचमिचे डोळे, हे प्रयोग जुने व घरगुती आहेत. किंबहुना डोळ्यांच्या व्यंगांविषयी मराठी अत्यंत समृद्ध आहे: काणा, चकणा, तिरळा, चिपडा, रातांधळा. यांतच एक शब्द भोकरडोळ्या हा आहे. भोकर या झाडाच्या गोल, चिकट फळासारखे मोठे व पुढे आलेले डोळे ज्याचे असतात तो भोकरडोळ्या. गावाचे आणि फळाचे नाव एकच असावे हा योग येथे सहज आला आहे. महत्त्वाची गोष्ट ही की तीव्र ऱ्हस्वदृष्टीत नेत्रगोल लांबट झाल्यामुळे डोळे पुढे आल्यासारखे भासतात. तेव्हा भोकरडोळ्या म्हणून ज्यांना हाक मारली गेली त्यांच्यात काही ऱ्हस्वदृष्टीचेही असले पाहिजेत. (इतर कारणांनीही डोळे मोठे दिसतात, हे उघडच आहे.)

तथापि या शब्दांचा वर्ग पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. रातांधळा हा एक शब्द सोडला तर बाकीचे सारे शब्द डोळा इतरांना कसा दिसतो ते सांगतात. त्या डोळ्याला काय दिसते ते सांगत नाहीत. रातांधळेपणा वेगळा ओळखला गेला, कारण दिवेलागणीनंतर ठेचाळणारा मनुष्य सर्वांच्या दृष्टीस पडतो. ऱ्हस्वदृष्टीचा मनुष्य ठेचाळत नाही. मिचमिचेपणा ही त्याची मुद्रा चेष्टेचा विषय झाली. दोषाचे नाव झाली नाही.

संस्कृत वैद्यकाकडे वळले तरी हाच अनुभव येतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांची गणना आहे. दोष डोळ्याच्या दुसऱ्या पटलात शिरला असता दूरची रूपे जवळ व जवळची दूर भासतात आणि प्रयत्न करूनही सुईचे छिद्र दिसत नाही, असा तेथील वर्णनाचा आशय आहे. तेथे ह्रस्वजाड्य नावाचा एक विकारही सांगितला आहे; परंतु त्यातील ह्रस्वत्व दिसणाऱ्या रूपांच्या लहानपणाचे आहे, दृष्टीच्या पल्ल्याचे नव्हे. आजच्या ऱ्हस्वदृष्टी या पारिभाषिक शब्दाशी त्याचे नामसाम्य आहे, अर्थसाम्य नाही. शिवाय सुईचे छिद्र ही कसोटी पाहावी. ती जवळच्या दृष्टीची कसोटी आहे, आणि साध्या ऱ्हस्वदृष्टीचा मनुष्य तीत सहज उत्तीर्ण होतो.

४. चाळीस या संख्येचे राज्य

चष्म्याचा शोध इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस लागला. आरंभीची भिंगे बहिर्वक्र, म्हणजे प्रौढ वाचकांसाठी होती. अंतर्वक्र भिंगे पंधराव्या शतकात प्रचारात आली. दक्षिण भारतात चष्मा पोर्तुगीजांबरोबर आला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी या विषयाचा जो शोध घेतला त्यात सोमनाथ कवीच्या व्यासयोगिचरितातील उल्लेखाला महत्त्वाचे स्थान आहे. विजयनगरचे व्यासराय चष्म्याच्या साहाय्याने ग्रंथ वाचीत असल्याचा हा उल्लेख सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. येथेही चष्मा आहे तो वयोवृद्ध वाचकाच्या डोळ्यांवर.

१६९५ साली जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकाठच्या गलगले येथील छावणीत औरंगजेबाच्या दरबारात गेला होता. ७६ वर्षांचा बादशहा चष्म्याशिवाय अर्ज वाचून त्यांवर स्वहस्ते शेरे मारतो, हे त्याला आवर्जून नमूद करावेसे वाटले. उतारवयात वाचावयाचे तर चष्मा हवा, ही समजूत त्या काळी किती रूढ होती हे या आश्चर्यावरून कळते.

ही समजूत दख्खनच्या भाषांनी शब्दांत गोठवून ठेवली आहे. मराठीत चष्म्याला चाळिशी म्हणतात. हा अर्थ मोल्सवर्थच्या कोशातही नोंदलेला आहे. कन्नडात चाळीसु हा शब्द त्याच अर्थाने रूढ झाला. तेलुगूत उतारवयातील दृष्टिदोषाला चत्वारम् म्हणतात. तेथे चाळीस ही संख्या संस्कृत वेशात आली आहे. इंडो-आर्य व द्राविड अशा दोन भिन्न कुळांतील तीन शेजारी भाषांनी एकाच संख्येवरून नाव घ्यावे, हा अर्थाच्या देवघेवीचा उत्तम नमुना होय. उर्दूमार्गे आलेले ऐनक आणि चष्मा हे शब्द अनुक्रमे अरबी व फारसी ‘डोळा’वाचक शब्दांपासून निघाले आहेत, तेलुगूतील कळ्ळजोडु म्हणजे डोळ्यांची जोडी. अशा रीतीने भोकरच्या बाजारात ऐकू येणारे चष्म्याचे शब्द दोन गटांत पडतात: एक डोळ्यावरून आणि दुसरा वयावरून. दूरचे न दिसणे या अनुभवावरून पडलेला शब्द त्यांत एकही नाही.

याचा परिणाम काय झाला? चाळिशी हे ज्या वस्तूचे नाव, ती दहा वर्षांच्या मुलाला देणे ही कल्पनाच विसंगत वाटणार. वस्तूच्या नावानेच तिच्या वापराचे वय ठरवून टाकले.

येथे आणखी एक उलटापालट लक्षात घेण्याजोगी आहे. उणे अडीच डायॉप्टरची ऱ्हस्वदृष्टी असलेल्या मनुष्याला हातभर अंतरावरचे अक्षर म्हातारपणीही चष्म्याशिवाय वाचता येते. त्याच्या बरोबरीचे सारे चाळिशीला शरण गेले असता हा मात्र पोथी वाचतो. अशी म्हातारी सुईत दोरा ओवते व गोधडी शिवते. गाव म्हणते, नजर शाबूत आहे. म्हणजे जो डोळा बालपणी मंद ठरला तोच वार्धक्यात तीक्ष्ण ठरला. समाजाने दोन्ही वेळा पाहिले ते जवळच्या कामाच्या मापाने, आणि दोन्ही वेळा मूळ दोष निसटला.

५. फळा आणि मूल

जोपर्यंत शिक्षण हातभर अंतरात होते तोपर्यंत या दोषाने शिक्षणाला फारसा अडथळा केला नाही. पंतोजींच्या शाळेत मुलासमोर धूळपाटी असे. अक्षर गिरवावयाचे, पाढे मोठ्याने घोकावयाचे, पोथी मांडीवर घेऊन वाचावयाची. ज्ञान कानाने आणि जवळच्या डोळ्याने येई. दूरच्या नजरेची खरी गरज गुराख्याला, रानात राखण करणाऱ्याला.

एकोणिसाव्या शतकातील नव्या शाळेने हे अंतर बदलले. वर्ग ओळींनी बसू लागला आणि समोरच्या भिंतीवर फळा आला. सर्वांनी एकाच वेळी एकच अक्षर दुरून पाहावे, अशी ही रचना होती. ऱ्हस्वदृष्टी हा दोष डोळ्यात पूर्वीही होता. फळ्याने त्याला अडचणीचे रूप दिले. मागील ओळीतील ज्या मुलाला फळा दिसत नव्हता तो शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवून घेई, चुकीचे उतरवी, आणि लक्ष नाही म्हणून किंवा ढ म्हणून गणला जाई.

युरोपातही दोषाचे शास्त्र आणि शाळा यांची गाठ याच काळात पडली. १६०४ मध्ये केप्लरने प्रतिमा दृष्टिपटलावर उमटते हे सांगून अंतर्वक्र भिंगाच्या उपयोगाचे कारण दाखविले होते; परंतु वर्गीकरण पक्के होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण सिद्ध केले, १८६२ मध्ये स्नेलेनने अक्षरांचा तक्ता केला, आणि १८६४ मध्ये डाँडर्सने ऱ्हस्वदृष्टी, दूरदृष्टिता व वार्धक्यातील दृष्टिदोष यांची कारणे स्पष्टपणे वेगळी केली. १८६७ मध्ये ब्रेस्लौच्या हेर्मान कोन याने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून प्रसिद्ध केले की इयत्ता चढत जाते तसे ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाणही चढत जाते. १८७२ मध्ये मोन्वाये याने भिंगाची शक्ती मोजण्यासाठी डायॉप्टर हे एकक सुचविले. या शेवटच्या गोष्टीचा भोकरच्या बोलीशी संबंध पुढे येणार आहे.

निजामी राज्यात हे शास्त्र मराठी मुलापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत भाषेचे अडसर होते. हैदराबादेत १८४६ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकशाळेत आरंभी उर्दूतून शिकविले जाई. १८८४ मध्ये राज्यकारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. १९१७ मध्ये अनुवाद विभाग स्थापन झाला, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उघडले, आणि वैद्यकासह उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा मोठा प्रयोग झाला. देशी भाषेतून शास्त्र शिकविण्याचा प्रयत्न म्हणून त्याचे मोल कमी नाही. परंतु मराठी बोलणाऱ्या पालकाच्या दृष्टीने ती परिभाषा परकीच राहिली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर उर्दू माध्यम मागे पडले आणि वैद्यकात इंग्रजी आली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याबरोबर भाषा संचालनालय आले व संस्कृतोद्भव मराठी परिभाषा घडू लागली. दोन पिढ्यांच्या आत शास्त्राची भाषा दोनदा बदलली, आणि एकाही बदलात घरातील बोलीशी तिचा सांधा जुळला नाही.

६. परिभाषा आणि बोली

आज शालेय पुस्तकांत निकटदृष्टिता, दूरदृष्टिता व वृद्धदृष्टिता असे शब्द येतात. ऱ्हस्वदृष्टी व लघुदृष्टी हेही प्रचारात आहेत. यांची घडण नियमबद्ध आहे, परंतु सामान्य वाचकाच्या मनात ते कोणता अर्थ उत्पन्न करतात ते पाहिले पाहिजे. निकटदृष्टिता हे नाव जे शिल्लक आहे त्याचे आहे, जे गेले त्याचे नव्हे. दोषाचे नाव ऐकणाऱ्याची सहज समजूत अशी होते की निकटच्या दृष्टीत काही बिघाड आहे. दूरदृष्टिता तर अधिकच फसवी. कारण दूरदृष्टी हा मराठीत सद्गुण आहे. उलट ऱ्हस्वदृष्टी किंवा उर्दूतील कोताहबीनी ऐकताच अविचारी माणूस डोळ्यांपुढे येतो. शरीराच्या व्यंगाला स्वभावदोषाचा वास लागावा, हे नावाचे वैगुण्यच होय.

बोलीने मात्र आपली वाट स्वतःच काढली. चष्मा हा शब्द रूढ होताच त्याच्याबरोबर नंबर आला: डोळ्यांना नंबर लागला, नंबर वाढला, जवळचा नंबर, लांबचा नंबर. हा नंबर म्हणजे डायॉप्टरचाच अंक. एका फ्रेंच नेत्रवैद्याने सुचविलेले एकक नाव गमावून नुसत्या अंकाच्या रूपाने मराठीत स्थिरावले. त्यातही लांबचा नंबर हा प्रयोग परिभाषेपेक्षा सरस आहे. काय दिसत नाही ते तो नेमके सांगतो. वय सांगत नाही, स्वभाव सांगत नाही, चेहऱ्याची टवाळी करीत नाही. चाळिशी या शब्दाने वयाशी बांधलेली चष्म्याची गाठ या प्रयोगाने प्रथम सोडविली. मुलालाही नंबर लागू शकतो, हे वाक्य मराठीत सहज उच्चारता येऊ लागले.

याचा अर्थ उपेक्षा संपली असा नव्हे. ढापण्या व चष्मिष हे शब्द शाळेच्या अंगणात अजून आहेत, आणि मुलीच्या डोळ्यांवर चष्मा आला की लग्नाची चिंता करणारी घरेही आहेत. परंतु टवाळी हीसुद्धा ओळखीची एक पायरी असते: जे मूल पूर्वी ढ ठरले असते ते आता चष्मिष ठरते. पहिल्या शब्दावर उपाय नव्हता. दुसऱ्याच्या मुळाशी उपायच आहे.

७. आजचा प्रश्न

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या तपासणीत दृष्टिदोषाचा अंतर्भाव आहे. भोकरसारख्या प्रदेशाचा अंदाज घेण्यास पूर्वीच्या हैदराबाद राज्यातीलच महबूबनगर जिल्ह्याच्या ग्रामीण पाहणीचा आधार घेता येतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ७ ते १५ वर्षे वयाच्या मुलांत ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाण ४.१ टक्के आढळले. त्याच सुमारास दिल्लीत झालेल्या तशाच पाहणीत ते ७.४ टक्के होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील शाळकरी मुलांच्या दुसऱ्या पाहणीत १३.१ टक्के हा आकडा आला. पाहणीच्या पद्धती एक नसल्याने आकड्यांची सरळ तुलना सावधपणे करावी लागते. तरी रोख स्पष्ट आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०५० पर्यंत जगाच्या लोकसंख्येपैकी निम्मी माणसे ऱ्हस्वदृष्टीची असतील.

कारणांच्या बाबतीत आनुवंशिकतेबरोबरच दीर्घकाळ जवळ पाहणे आणि उघड्यावरील प्रकाशाचा अभाव यांकडे आता लक्ष वेधले आहे. चीनमधील ग्वांगझौ येथे शाळेच्या वेळात रोज ४० मिनिटे अधिक मैदानावर घालविणाऱ्या मुलांत तीन वर्षांत नव्याने दोष उत्पन्न होण्याचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले. इतर मुलांत ते ३९.५ टक्के होते. मराठवाड्यात उन्हाची कमतरता नाही. परंतु मुलाला घरात व शिकवणीत कोंडून ठेवण्याची रीत तालुक्याच्या गावीही पोहोचली आहे. तीव्र ऱ्हस्वदृष्टीत पुढे दृष्टिपटल सुटण्याचा धोका वाढतो. म्हणून हा प्रश्न केवळ फळ्यापुरता राहत नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की चष्मा दख्खनमध्ये सोळाव्या शतकात आला तरी त्याचा अर्थ वार्धक्याशी जोडला गेला, आणि चाळीस या संख्येवरून पडलेल्या नावांनी तो अर्थ भाषासीमा ओलांडून दृढ केला. दुसरी अशी की ऱ्हस्वदृष्टीला अडचणीचे रूप फळ्याने दिले. ती अडचण ओळखण्यास लागणारा शब्द मात्र बोलीत बराच मागाहून आला. तिसरी गोष्ट परिभाषेविषयी आहे. शास्त्राला निकटदृष्टिता हा शब्द आवश्यक असेल. परंतु शिक्षक, पालक आणि आरोग्यसेवक यांच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या मजकुरात त्याच्या जोडीला लांबचा नंबर हा प्रयोग निःसंकोच यावा. भोकरसारख्या सीमेवरील तालुक्यात तेलुगू, दखनी व गोरमाटी बोलणाऱ्या घरांसाठीही त्या त्या बोलीतील असेच सरळ प्रयोग शोधून नोंदविणे हे भाषाविभागांचे काम आहे. ते काम लहान आहे. परंतु मागल्या ओळीत बसलेले आणि कसलीही तक्रार न करणारे मूल त्यावाचून ओळखले जाणार नाही.